शे, टोनी

(१२ डिसेंबर १९७३ – २७ नोव्हेंबर २०२०). अमेरिकन उद्योजक आणि ‘झॅपोस’ या ऑनलाइन पादत्राण-विक्री कंपनीचे दीर्घकाळ मुख्य कार्यकारी अधिकारी. न घालून पाहिलेला बूट लोक इंटरनेटवरून विकत घेतील यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता, त्या काळात शे यांनी ते करून दाखवले.

त्यांचा जन्म इलिनॉय राज्यातील अर्बाना येथे झाला. आईवडील तैवानहून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले. वडील केमिकल इंजिनिअर, तर आई समाजकार्याच्या क्षेत्रात होत्या. तीन भावांत टोनी थोरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मॅरिन काउंटीत ते वाढले. मुलाने वाद्य शिकावे, अभ्यासात पहिले यावे आणि डॉक्टर व्हावे, अशी घरची अपेक्षा होती; मुलाचे लक्ष मात्र धंद्यात. नवव्या वाढदिवसाला त्यांनी आईवडिलांकडून ३३ डॉलर ४५ सेंटची गांडुळांची पेटी मागून घेतली. त्यात किमान शंभर गांडुळे असण्याची हमी होती. ती वाढवून विकायची, असा बेत होता. पण महिनाभरात पेटीत एकही उरले नाही. पुढे शाळकरी वयातच त्यांनी फोटोचे बिल्ले बनवण्याचे यंत्र घेतले. मुलांनी टपालाने फोटो आणि एक डॉलर पाठवायचा, टोनींनी बिल्ला करून टपालानेच परत धाडायचा. या उद्योगातून महिन्याला दोनशे डॉलरच्या आसपास मिळू लागले आणि कंटाळा आल्यावर त्यांनी तो धाकट्या भावाकडे सोपवला. गिऱ्हाइकाचे तोंड न पाहता टपालाने धंदा करता येतो, हा धडा पुढे त्यांच्या कामी आला.

हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९९५ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतली. वसतिगृहाच्या तळमजल्यावरचे उपाहारगृह ते चालवत व तेथे पिझ्झा विकत. आल्फ्रेड लिन नावाचा विद्यार्थी रोज अख्खे पिझ्झे घेऊन जाई आणि वर आपल्या सोबत्यांना तुकड्यातुकड्याने विकून नफा काढी. हेच लिन नंतर झॅपोसचे वित्तप्रमुख झाले.

पदवीनंतर ओरॅकल कंपनीतील चांगल्या पगाराची नोकरी शे यांनी पाच महिन्यांतच सोडली आणि वर्गमित्र संजय मदन यांच्याबरोबर १९९६ मध्ये ‘लिंकएक्सचेंज’ सुरू केली. छोट्या संकेतस्थळांनी एकमेकांच्या जाहिराती दाखवायच्या, असा हा व्यवहार होता. आपल्या पानावर दोन जाहिराती दाखवल्या की दुसरीकडे आपली एक लागे; उरलेली जागा कंपनी विकत असे. नोव्हेंबर १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. शे तेव्हा पंचविशीही पूर्ण न केलेले. कंपनी वाढता वाढता तिथले वातावरण बिघडले आणि आपल्याच कंपनीत सकाळी जावेसे वाटेना, असे त्यांनी पुढे लिहिले. विक्रीच्या अटीप्रमाणे पूर्ण रक्कम मिळण्यासाठी काही काळ थांबणे भाग होते; त्यातला हिस्सा सोडून देऊन ते बाहेर पडले. झॅपोसमध्ये माणसे निवडताना त्यांनी जो काटेकोरपणा दाखवला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

लिन यांच्यासह त्यांनी ‘व्हेंचर फ्रॉग्ज’ हा गुंतवणूक निधी उभारला. १९९९ मध्ये निक स्विनमर्न या तरुणाचा निरोप त्यांच्या फोनवर आला. स्विनमर्न सॅन फ्रान्सिस्कोतील एका मॉलमध्ये बूट घ्यायला हिंडले होते. एका दुकानात हवा तो प्रकार होता पण रंग नव्हता, दुसऱ्यात रंग होता तर माप नव्हते. म्हणून त्यांनी ऑनलाइन बुटांचे दुकान काढले होते. शे तो निरोप पुसूनच टाकणार होते. एका आकड्याने ते थांबले. अमेरिकेतील पादत्राणांचा व्यवसाय ४० अब्ज डॉलरचा होता आणि त्यातील पाच टक्के विक्री त्या वेळीही कॅटलॉग पाहून टपालाने होत होती. म्हणजे न घालता बूट घेणारे लोक होतेच. बूट या अर्थाच्या ‘सापातोस’ या स्पॅनिश शब्दावरून दुकानाचे नाव झॅपोस झाले. नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या दुकानसाखळीत बूटविभाग सांभाळलेले फ्रेड मॉस्लर पुरवठादार मिळवून देण्यासाठी आले. शे प्रथम गुंतवणूकदार होते, मग २००० पासून कारभारात उतरले.

पहिली काही वर्षे ओढाताणीची गेली. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर नवे भांडवल मिळेना. शे यांनी स्वतःचे पैसे ओतले, मालकीच्या जागा विकल्या. सुरुवातीला झॅपोस स्वतःजवळ माल ठेवत नसे. ऑर्डर आली की उत्पादक परस्पर बूट पाठवी. यात भांडवल अडकत नव्हते, पण पुरवठादाराकडे नेमके काय शिल्लक आहे ते कळत नसे आणि गिऱ्हाइकाला वेळेवर माल मिळत नसे. मार्च २००३ मध्ये शे यांनी ही पद्धत पूर्ण बंद केली. त्या वेळी एकूण विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा तिच्यातून येत होता. हातात रोकड नसताना एवढी विक्री सोडून द्यायला धैर्य लागते.

याच सुमारास केंटकी राज्यातील शेपर्ड्सव्हिलजवळ गोदाम उभे राहिले. जागा विचारपूर्वक निवडली होती. यूपीएस या कुरिअर कंपनीचे मुख्य विमान-केंद्र लुइव्हिल तिथून हाकेच्या अंतरावर आहे. प्रथम गोदामाचे काम बाहेरच्या कंत्राटदारावर सोपवले होते, पण शेकडो प्रकार, प्रत्येकाचे रंग, प्रत्येक रंगाची मापे, हा पसारा त्याला पेलला नाही. मग झॅपोसने स्वतःचे गोदाम आणि स्वतःची संगणकप्रणाली बसवली. गोदाम चोवीस तास चाले. ऑर्डरी साठू देऊन एकाच फेरीत अनेक जोड उचलणे स्वस्त पडले असते. शे यांनी मात्र ऑर्डर पडली की माणसाने लगेच रॅककडे जावे, असे ठरवले. त्यामुळे मध्यरात्रीच्या आत मागवलेला बूट कित्येकांच्या दारात दुसऱ्या दिवशी पोचे, आणि तोही जादा पैसे न घेता.

पाठवणी आणि परत पाठवणी दोन्ही फुकट, परतीची मुदत ३६५ दिवस. दोन-तीन मापे मागवा, घरच्या फरशीवर चालून पाहा, नको ते परत करा, असे कंपनीच गिऱ्हाइकाला सांगे. २००८ मध्ये एकूण विक्री एक अब्ज डॉलरपलीकडे गेली, पण परत आलेला माल वगैरे वजा जाता निव्वळ महसूल ६३ कोटी ५० लाख डॉलर राहिला. दुसऱ्या कुणी हे नुकसान मानले असते. शे यांनी तो दुकान चालवण्याचा खर्च मानला.

फोनवरच्या सेवेतही हाच विचार होता. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला फोन नंबर असे. उत्तर देणाऱ्यासमोर पाठ केलेली वाक्ये नसत आणि वेळेची मर्यादा नसे; २०१६ मध्ये एक संभाषण १० तास ४३ मिनिटे चालले. हवा तो जोड संपला असेल, तर कर्मचारी इतर दुकानांच्या संकेतस्थळांवर शोधून देत. नव्याने लागलेला माणूस हिशेबनीस असो वा वकील, त्याला चार आठवड्यांचे प्रशिक्षण आणि त्यात फोनवर बसणे सक्तीचे होते. प्रशिक्षणादरम्यान कंपनी त्याला नोकरी सोडण्यासाठी रोख रक्कम देऊ करी. ही रक्कम वाढत २,००० डॉलरपर्यंत गेली. ती घेऊन जाणारे फार थोडे निघाले. २०१० मध्ये कंपनीच्याच दुसऱ्या संकेतस्थळावर सहा तास सर्व वस्तू चुकून ४९.९५ डॉलरच्या आत विकल्या गेल्या. १६ लाख डॉलरचा तोटा सोसून कंपनीने त्या साऱ्या ऑर्डरी पाळल्या.

चांगली माणसे मिळावीत म्हणून २००४ मध्ये कंपनी सॅन फ्रान्सिस्कोहून लास वेगासच्या परिसरात गेली. चोवीस तास जागे असलेल्या त्या शहरात सेवाधंद्याची सवय असलेले लोक होते. २००८ च्या मंदीत कंपनीला आठ टक्के कर्मचारी कमी करावे लागले. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने झॅपोस घेण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. शेअरच्या रूपातील त्याचे मोल तेव्हा सुमारे १.२ अब्ज डॉलर होते. शे प्रमुखपदी राहिले. वार्षिक पगार ते ३६,००० डॉलरच घेत.

२०१० मध्ये त्यांचे ‘डिलिव्हरिंग हॅपिनेस’ हे पुस्तक निघाले व खूप खपले. पुढे त्यांनी लास वेगासच्या जुन्या, पडीक मध्यवस्तीच्या पुनरुज्जीवनासाठीच्या ‘डाउनटाउन प्रोजेक्ट’मध्ये ३५ कोटी डॉलर घातले आणि कंपनीचे मुख्यालय तेथील जुन्या नगरपालिका इमारतीत नेले. स्वतः ते ट्रेलरच्या वसाहतीत राहत. झॅपोसमध्ये त्यांनी व्यवस्थापकांची पदेच काढून टाकणारी ‘होलाक्रसी’ ही पद्धत आणली. ती न रुचलेल्यांना पैसे घेऊन जाण्याची मुभा दिली, तेव्हा जवळपास १८ टक्के लोक गेले. हा प्रयोग फसला, असेच म्हणावे लागेल. गोदामात त्यांनी जे केले ते गिऱ्हाइकाच्या गरजेतून सुचले होते. इथे तशी गरज कुणाची नव्हती.

ऑगस्ट २०२० मध्ये ते निवृत्त झाले. अखेरच्या काळात व्यसन आणि ढासळते मनःस्वास्थ्य यांमुळे निकटचे लोक काळजीत होते. १८ नोव्हेंबर २०२० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन येथे एका घराला जोडलेल्या साठवणीच्या खोलीत आग लागली. ते आत अडकले होते. धुराने झालेल्या इजेमुळे नऊ दिवसांनी ब्रिजपोर्ट येथे वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते.

शे यांच्याविषयीचे बहुतेक लेखन ‘आनंद’ आणि ‘कंपनीची संस्कृती’ यांभोवती फिरते. त्यांचे पुस्तक हाती घेणाऱ्याने केंटकीच्या गोदामाचा भाग आधी वाचावा.