हात थकल्यावरचा पगार

१९७२च्या दुष्काळात आजचा हिंगोली जिल्हा परभणीचाच भाग होता. मराठवाड्यातल्या गावोगावी तेव्हा दुष्काळी कामं निघाली होती. माणसं खडी फोडत होती, पाझर तलावांवर माती वाहत होती, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम मिळणार होतं. पण मस्टरवर नाव लागायचं ते राबणाऱ्याचं. ज्यांच्या हातात टिकाव पेलण्याचं बळ उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी त्या मस्टरवर जागा नव्हती.

त्यांची सोय पूर्वी कोण लावत होतं? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारीचं वर्णन केलं आहे, तिच्यात बलुतं माणसापेक्षा घराण्याच्या नावावर चाले. म्हाताऱ्या सुताराच्या हातून वाकस सुटला, तरी मुलगा खळ्यावरून वाट्याचं धान्य घरी आणी. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या कुटुंबाला ‘बालपरवेशी’ मिळत असे. बलुतं जातीने बांधलेलं होतं आणि बालपरवेशी सरकारच्या मर्जीवर. त्यामुळे ज्याला ना वतन ना जमीन, त्याचं म्हातारपण पोरांच्या कमाईवरच अवलंबून राही. शेताच्या वाटण्या झाल्या की आईबापाचीही वाटणी होई: आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे, नाहीतर दोघांच्या घरी महिन्या-महिन्याची पाळी.

या पाळीच्या बाहेर स्वतःचा असा पैसा म्हाताऱ्या माणसाच्या हाती आला तो १९८० नंतर. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. तिच्यात ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला ७५ रुपये ठरले होते. २००७ साली तिला इंदिरा गांधींचं नाव मिळालं. राज्याने तिच्या जोडीला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना चालवली. दारिद्र्यरेषेच्या यादीत असलेल्याला केंद्र आणि राज्य मिळून पैसे देतात. यादीत नाव नसलेल्या गरिबाचा सगळा भार राज्य उचलतं. ही रक्कम बराच काळ ६०० रुपये होती, २०१९ साली १,००० झाली आणि २०२३ साली १,५००. गावात याला कुणी निवृत्तिवेतन म्हणत नाही. ‘निराधारचा पगार’ आला का, एवढंच विचारलं जातं.

हा पगार चालू करून घेणं मात्र सोपं नाही. वयाचा दाखला, रहिवासी दाखला, तलाठ्याच्या अहवालावरचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक अशी चळत घेऊन तहसील गाठायची; मग तालुक्याची समिती बसेल तेव्हा अर्ज मंजूर होणार. श्रावणबाळसाठी वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे अख्ख्या घराची कमाई दिवसाला ५८ रुपयांपेक्षा कमी असल्याचा कागद दाखवायचा. शेतमजुराची एका दिवसाची मजुरीही याहून जास्त असते, हे दाखला देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असतात.

१९९५ सालीच राज्याने वृद्धांसाठी दुसरी वाटही धरली. मातोश्री वृद्धाश्रम योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यात इमारती उभारायचं ठरलं. डेन्मार्क तेव्हा उलट्या दिशेने निघाला होता. १९८८पासून तिथे जुन्या पद्धतीचे नवे वृद्धाश्रम बांधणं थांबवून मदतनीस आणि परिचारिका घरी पाठवण्यावर भर दिला गेला. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे २०११च्या जनगणनेत सुमारे पावणेबारा लाखांतली शंभरातली पंच्याऐंशी माणसं खेड्यांत राहत होती, वृद्धाश्रमाच्या काही खाटांनी फारसं काही साधणार नव्हतं. इथल्या म्हाताऱ्यांना आपल्या ओसरीवर राहू दिलं ते या पगाराने आणि रेशनच्या धान्याने.

ते दिसतं दिवाळीनंतर. मराठवाड्यातल्या इतर भागांप्रमाणे हिंगोलीतूनही जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि घरी म्हातारी माणसं नि नातवंडं उरतात. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. मुलं गावातच राहतात, त्यांच्या जेवणाचा खर्च सरकार करतं. आजीच्या जिवावर चाललेल्या घराला सरकारने लावलेला हा हातभारच म्हणायचा, जरी कागदावर ती योजना शिक्षण खात्याची असली तरी.

निराधारचे पैसे दारापर्यंत आणण्याचा इतिहास निराळा आहे. आधी टपाल आणि बँकेपुढच्या रांगा, आता डिसेंबर २०२४पासून आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा. खात्यातले पैसे काढायला अंगठा लागतो, आणि जन्मभर खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र पुन्हा पुन्हा नकार देतं. बोट पुसायचं, ओलं करायचं, दुसरं बोट लावून पाहायचं. २०१८ साली सुरू झालेल्या टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन छोटं यंत्र घेऊन घरी येऊ शकतो. ज्याला उठून बसवत नाही, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची.

ज्याला चालवतं त्याच्यासाठी एसटी. पासष्टीनंतर अर्धं तिकीट होतंच. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. १ मे १९९९ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कामासाठी परभणीची खेप टळली. सेनगाव किंवा कळमनुरीकडचा म्हातारा आता हिंगोलीला दवाखान्यात दाखवून दिवस मावळायच्या आत घरी पोचू शकतो.

पोरांची जबाबदारी यातून संपत नाही. २००७च्या कायद्याने आईबापांना उपविभागीय अधिकाऱ्यापुढे दाद मागता येते आणि महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण पोराविरुद्ध अर्ज करायला आईचा हात धजत नाही. मराठवाड्यातल्याच लातूर जिल्हा परिषदेने २०२०च्या नोव्हेंबरात यावर तोडगा काढला. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते थेट आईबापांच्या खात्यात टाकायचे. सात कर्मचाऱ्यांचे पगार असे कापले गेले. पण हा उपाय मुलगा सरकारी पगारावर असेल तरच चालतो. ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या उचलीतून काय कापणार?

म्हणून शेवटी प्रश्न येतो तो निराधारच्याच पगारावर. उत्पन्नाची २१ हजारांची अट आज हास्यास्पद झाली आहे, ती बदलायला हवी, आणि रक्कम महागाईशी जोडायला हवी. राज्याने निदान आपला वाटा वाढवत नेला. ८० वर्षांखालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २००७ साली महिन्याला २०० रुपये होता. आजही तो २०० रुपयेच आहे.