कमावलेलं कातडं

मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा चामड्याचा बटवा शिवला. तळहाताएवढा, किल्ल्या आणि सुटे पैसे मावतील इतका. आजचा विषय तिथूनच निघाला.

काम सोपं वाटतं. दोन तुकडे कापायचे, कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ ओढायची, तिच्यावर आरीने समान अंतरावर भोकं पाडायची. मग मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढत शिवत जायचं. या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे लगेच उसवत नाहीत. माझी मात्र पुढच्या तुकड्यावर बावीस भोकं पडली, मागच्यावर तेवीस. कापड असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं. चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही. दुसऱ्या खेपेला दोन्ही तुकडे आधी चिकटवले, एकदमच भोकं पाडली, तेव्हा जमलं.

पण खरं अवघड काम माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. ते आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं.

कच्चं कातडं थोड्याच दिवसांत सडतं. ते टिकवायचं तर चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, आतलं मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे मुरवायचं. कोल्हापुरी चपलेसाठी तर कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात हे पाणी भरून, टांगून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं टिकवण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे हेच काम फार थोड्या वेळात होऊ लागलं. पण चुना, वास आणि खरवडणं सुटलं नाही. आपल्या भाषेत या कामाला ‘कमावणं’ म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात, कातडंही कमावतात. फक्त ते कमावणाऱ्याच्या वाट्याला मान आला नाही.

महाराष्ट्रात ढोर आणि चांभार, उत्तरेत जाटव, आंध्र-तेलंगणात मादिगा: प्रांतागणिक नावं बदलली, जागा तीच राहिली, गावाच्या कडेला. आमच्या घरी चप्पल शिवून आणली की मोच्याच्या तळहातावर पैसे वरून टाकायची रीत होती. मीही तसेच टाकले आहेत. चामडं चालत होतं, हात चालत नव्हता.

या इतिहासात माझ्यासारखाच एक नवशिक्या आहे. 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झालं. गांधींचे मित्र हर्मन कॅलनबाख मारियानहिलच्या ख्रिस्ती मठात जाऊन चपला करायला शिकले आणि त्यांनी ते गांधींना शिकवलं. गांधींनी स्वतः केलेला एक जोड 1914 साली भारताकडे निघताना जनरल स्मट्स यांना दिला. ज्यांनी तुरुंगात टाकलं, त्यांनाच. 1939 साली स्मट्सनी लिहिलं की तो जोड अनेक उन्हाळे वापरला, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या पायतणात उभं राहण्याची आपली योग्यता नाही. वाणी जातीत जन्मलेल्या, विलायतेत बॅरिस्टर झालेल्या माणसाने हे काम करणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

आता दुसरी बाजू. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा. त्यावर काहींनी हिशेब मांडला की कातडी, हाडं, शिंगं यांचं उत्पन्न बुडेल. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या वादाची आठवण सांगितली. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा आणि तो घ्या.

एकाने चामडं हातात घेतलं, दुसऱ्याने खाली ठेवायला सांगितलं. वरवर हे उलट वाटतं. मला वाटतं, फरक कामात नव्हता, दारात होता. गांधींना त्या कामातून कधीही बाहेर पडता येत होतं. ज्यांना बाहेर पडता येत नव्हतं, त्यांच्यासाठी पहिली गरज दार उघडण्याची होती.

ही जुनी गोष्ट समजू नका. 11 जुलै 2016 रोजी गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. महाडला जो नकार दिला गेला, तोच नव्वद वर्षांनी पुन्हा द्यावा लागला.

माझा बटवा पाहून शेजारी म्हणाले, ‘छान छंद आहे.’ छंदच आहे. कंटाळा आला की आरी बाजूला ठेवेन, मला कुणी काही म्हणणार नाही. जी माणसं ती ठेवू शकली नाहीत, त्यांची विद्या मी विकत घेतलेल्या तुकड्यात तयार होऊन आली होती.

आमच्या कोपऱ्यावरच्या मोचीकाकांना मी दोन्ही बटवे दाखवले. पहिला त्यांनी उलटसुलट केला, तेविसावं भोक बरोबर शोधलं आणि हसले. त्या दिवशी चपलेच्या शिवणीचे पैसे मी त्यांच्या हातात दिले. एवढी साधी गोष्ट करायला मला पन्नास वर्षं लागली.