लग्नाला साक्षी कोण?

गेल्या श्रावणातली गोष्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा घेत बसलो होतो, तोच दारात माझी एक जुनी विद्यार्थिनी येऊन उभी राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती, म्हणून मी पेढ्यांच्या पुड्याकडे नजर टाकली. पण हातात होती ती एक जाडजूड फाइल. नवरा अमेरिकेत, तिकडचा नागरिक झालेला. लग्नाला सव्वा वर्ष झालेले आणि ही अजून पुण्यात माहेरी. मुंबईला वकिलातीत मुलाखत व्हायची होती.

"सर, मी जन्मले होते असा दाखला शाळेकडून मिळेल का?" ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. तिने फाइलीतून महापालिकेचा जन्मदाखला काढून पुढे ठेवला. तारीख होती, आईबापांची नावे होती, आणि बाळाच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ. लिंग : स्त्री. इस्पितळाने जन्माची वर्दी दिली तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि घरात बारसे झाले बाराव्या दिवशी. मधल्या आठ दिवसांत ही मुलगी सरकारदरबारी बिननावाची राहिली ती कायमची. नाव मागाहून चढवता येते, पण आपल्याकडे असल्या कामाला कोण जातो? पुढे शाळेच्या जनरल रजिस्टरात तिला नाव मिळाले. आणि लग्नात, सासरच्या माणसांनी तांदळाच्या ताटात अंगठीने आणखी एक नाव लिहिले. तेच पासपोर्टावर आले. जन्मदाखल्यावरची बिननावाची मुलगी, शाळेतली मुलगी आणि पासपोर्टावरची सून या तिघी मिळून एकच बाई आहे, हे तिला एका परक्या अंमलदारापुढे सिद्ध करायचे होते.

कपाटातून रजिस्टर काढले, शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल मिळण्याची व्यवस्था केली आणि तिला मार्गी लावले. पण त्या दिवशी पुढच्या दोन तासांना माझे वर्गात लक्ष लागले नाही. नवऱ्याकडे जायला निघालेल्या बाईला, तू याची बायको कशावरून, असे पहिल्यांदा कोणी आणि कधी विचारले असेल, हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. सुट्टीत थोडे वाचन केले. त्याचा हा गोषवारा.

आनंदीबाई जोशींना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांचीही नावे दोन. माहेरची यमुना, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाल्यावर आनंदी. (न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरच्या यमुनाच. नदीचे नाव सासरी टिकत नसे असे दिसते.) 1883 च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता. अडथळा आला तो आपल्याच लोकांचा. अमेरिकेच्या सरकारचा नव्हे. व्हिसा नावाची वस्तूच तेव्हा नव्हती. मात्र तो काळ सर्वांनाच असा मोकळा होता असे मानण्याचे कारण नाही. आदल्याच वर्षी, 1882 मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. एकटीदुकटी हिंदू स्त्री हे त्या लोकांना नवल होते. भीती वाटावी इतके आपण तेव्हा तिकडे नव्हतो.

भीती वाटली ती दक्षिण आफ्रिकेत. तिथे ऊसमळ्यांवर, खाणींत आणि दुकानांत आपली माणसे हजारोंनी होती, आणि पुरुषामागून बायको आली की बिऱ्हाड कायमचे होते हे तिथल्या गोऱ्यांना चांगले कळत होते. 1913 साली हसन इसप नावाच्या माणसाची पत्नी बाई मरियम हिला केपमध्ये उतरू दिले नाही. प्रकरण कोर्टात गेले. 14 मार्च 1913 रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकीहून अधिक बायका करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने लागलेले लग्न या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने लग्न नव्हे, असा त्याचा मथितार्थ. माणसाने प्रत्यक्षात एकच बायको केली असली तरी सुटका नव्हती. धर्मात मुभा आहे एवढे पुरे. खटला एका मुसलमान जोडप्याचा, पण हिंदू आणि पारशी लग्नेही त्याच तडाख्यात सापडली. एका दिवसात तिथली बहुतेक सगळी हिंदी कुटुंबे कायद्याने कुटुंबे राहिली नाहीत. मुलांच्या वारसाचा प्रश्न होताच. पण मुख्य घाव बायकांच्या वर्मी बसला.

या निकालाच्या आधी चारच महिने आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले त्या देशात फिरून आले होते. 1912 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांनी तिथला दौरा केला, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, आणि गिरमिटमुक्त मजुरावरचा तीन पौंडांचा कर रद्द होणार अशा समजुतीने ते परतले. कर रद्द झाला नाहीच, वर हा निकाल. तोवर गांधींनी स्त्रियांना सत्याग्रहात घेतले नव्हते. आता घेतले. सप्टेंबर 1913 मध्ये फिनिक्स आश्रमातून जी सोळा माणसे परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली, त्यांत कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. तिकडे तमिळ स्त्रियांच्या एका तुकडीने न्यूकॅसलच्या खाणींत जाऊन मजुरांना संपावर आणले. वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून आजार घेऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी 1914 मध्ये वारली. इकडे गोखले, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, लढ्यासाठी निधी जमवीत होते. अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना त्यांनीच तिकडे पाठवले.

शाळेत आपण हा सत्याग्रह शिकवतो तेव्हा परवाने आणि तीन पौंड यांवर भर देतो. मीही इतकी वर्षे तसेच शिकवीत आलो. आमचे लग्न हे लग्नच आहे, एवढे वाक्य सरकारकडून वदवून घेण्यासाठी बायका खडी फोडायला गेल्या, हे मुलांना सांगायचे राहूनच गेले.

1914 च्या कायद्याने कर गेला आणि लग्नाचा प्रश्न सुटला. सुटला म्हणजे असा, की प्रत्यक्षात एकपत्नी असलेल्याचे लग्न नोंदवले की ग्राह्य धरायचे, आणि पुढे लग्ने लावण्यासाठी हिंदी पुरोहितांना व मौलवींना सरकारमान्य अधिकारी म्हणून नेमता यावे. गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात वारले. त्याच महिन्यात, अगदी थोडे दिवस आधी, गांधी त्यांना इथे येऊन भेटून गेले होते.

यानंतरचा एक कागद इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही, पण माझ्या विद्यार्थिनीच्या फाइलीचा मूळपुरुष तोच असावा असे मला वाटते. 1918 साली लंडनला साम्राज्य युद्ध परिषद भरली. हिंदुस्थानतर्फे सर सत्येंद्र प्रसन्न सिंह आणि पतियाळाचे महाराज होते. वसाहतींत कायम वस्ती केलेल्या हिंदी माणसाला आपली बायको व अज्ञान मुले आणू द्यावीत, असे तिथे ठरले. अटी दोन. एकीहून अधिक बायको व तिची मुले आणता येणार नाहीत; आणि जी येईल ती त्याची कायदेशीर बायको आहे, असे हिंदुस्थान सरकारने प्रमाणित करून दिले पाहिजे.

ही दुसरी अट वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्या लग्नाला साक्षी कोण? अग्नी, देवब्राह्मण, आप्त, सोयरे, आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभे राहून अक्षता टाकणारे सगळे गाव. सरकार त्यांत कुठे नव्हते. 1872 पासून नोंदणी विवाहाचा कायदा होता खरा, पण त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. कोण लिहून देणार? तेव्हा सरकारने दाखला द्यायचा म्हणजे कोणा कारकुनाने कोणा पाटलाला विचारायचे, आणि पाटलाने सांगायचे, की होय, लग्न झाले, मी जेवून आलो आहे. तोंडची साक्ष कागदावर उतरू लागली ती अशी.

कॅनडाची कथा याहून निराळी नाही. 1912 साली व्हँकूव्हरला दोन शीख कुटुंबांतल्या बायकामुलांना उतरू दिले ते केवळ मेहरबानी म्हणून, पुढे दाखला धरू नये असे बजावून. अमेरिकेने 1917 च्या कायद्याने दारच लावले. 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होण्यास पात्र नाही असे ठरवले. तिथे अडकलेल्या पुरुषांच्या बायका पंजाबात तशाच म्हाताऱ्या झाल्या. 1946 साली वर्षाला शंभर माणसांची फट ठेवण्यात आली. खरे दार उघडले ते 1965 च्या कायद्याने, आणि मग पुण्यातल्या पेठापेठांतून इंजिनियर, डॉक्टर निघाले. तीन आठवड्यांची रजा काढून यायचे, चार मुली पाहायच्या, लग्न उरकायचे, आणि नवरीला कागदांच्या स्वाधीन करून परत जायचे, ही तऱ्हा तेव्हापासूनची.

इंग्लंडने 1969 पासून आश्रितांनी इकडूनच परवानगी घेऊन यावे असे बंधन घातले. चौकशीला धार कुठवर येते हे 1979 च्या जानेवारीत हीथ्रोच्या विमानतळावर दिसले. लग्नासाठी तिकडे आलेली पस्तिशीची एक हिंदी शिक्षिका. वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे, बायकोला लागे. तेव्हा ही खरोखर अविवाहित आहे की आधीच कोणाची बायको आहे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरकडून तिची कौमार्यतपासणी करण्यात आली. वर्तमानपत्रात बातमी फुटली, इकडे संताप झाला, आणि तो प्रकार बंद करण्यात आला. असे करणारा तो डॉक्टर पहिला नव्हता, हे पुढे त्यांच्याच दप्तरांतून बाहेर आले. 1913 मध्ये बाईला बायको नव्हेस म्हणून अडवले. 1979 मध्ये बायको असशील म्हणून. याहून अधिक मी त्यावर लिहू शकत नाही.

आपल्या सरकारनेही मधल्या काळात लग्नाची वही उघडली होती. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा 1953 चा. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण, आणि नोंद नसली म्हणून लग्न रद्द होत नाही. म्हणजे कायदा सप्तपदीच्या बाजूने उभा राहिला. मग 1998 चा महाराष्ट्राचा कायदा आला. त्याच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व लग्नांची नोंद सक्तीची करा असे राज्यांना सांगितले. तरी पुण्यात लग्नाच्या दाखल्याची आठवण होते ती पासपोर्टाच्या वेळी. मग क्षेत्रीय कार्यालयात पत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन धावपळ. गुरुजी तेवढ्यात काशीला गेलेले असतात.

माझ्या विद्यार्थिनीची फाइल मी त्या दिवशी चाळून पाहिली होती. विवाहाचा दाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, छातीच्या फोटोसह वैद्यकीय तपासणीची पावती, नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात. नवऱ्याचे हमीपत्र, की हिला मी पोसीन, माझी मिळकत तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे. ही अट तिथल्या 1996 च्या कायद्याची. लग्नाला दोन वर्षे झालेली नसली तर तिकडे मिळणारा परवाना आधी दोन वर्षांचाच, मग पुन्हा जोडीने सिद्ध करायचे. हे कलम 1986 चे, खोट्या लग्नांवरचा उपाय म्हणून आलेले. खोटी लग्ने होतात हेही नाकारून चालणार नाही. पैसे घेऊन लावलेली, कागदापुरती लग्ने आपल्या लोकांनीही केली आहेत, आणि त्यांचा भुर्दंड खऱ्या जोडप्यांनी भरला आहे. पण संशयाची ही नजर फिरते कशी पाहा. वऱ्हाड मोठे दिसले की लग्न खरे. ज्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून आळंदीला जाऊन चार मित्रांसमक्ष माळा घातल्या, त्यांचे प्रेम कदाचित अधिक जुने असेल. पण त्यांचा फोटो फिका पडतो.

फाइलीच्या तळाशी दोनशे फोटो होते. शिवाय नवरा-बायकोच्या बोलण्याची पानेच्या पाने, छापून काढलेली. ती मी चटकन उलटी ठेवली. माझ्या आजीने उखाण्यावाचून आजोबांचे नाव जन्मात घेतले नाही. आणि या मुलीला, तो कसा आहेस विचारतो आणि ती काय उत्तर देते, हे अनोळखी माणसाने वाचावे म्हणून क्रमवार लावावे लागले होते. "सगळ्यात हेच नको वाटलं, सर," ती एवढेच म्हणाली.

मुलाखतीची वेळ सकाळची. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, तिचा उपयोग नाही. पूर्वी वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या राजेसाहेबांच्या जुन्या वाड्यात होती, आणि पुण्याची मंडळी रात्रीच्या एस. टी.ने जाऊन पहाटे भुलाभाई देसाई रस्त्याच्या पदपथावर रांग धरीत. 2011 पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. ही आदल्या दिवशीच दादरला मावशीकडे जाऊन राहिली. वडील रात्रभर फाइलीचा क्रम तपासत होते.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. मुलाखत सात-आठ मिनिटे चालली. हमीपत्र पाहिले, विवाहाचा दाखला पाहिला, नावाच्या घोळाबद्दल एक प्रश्न विचारला आणि शाळेचा कागद ठेवून घेतला. संभाषणाची पाने कोणी उघडलीही नाहीत. फोटोंपैकी एकच उचलून अंमलदारबाईंनी विचारले, की मागे खुर्चीत फेटा घालून झोपलेले हे गृहस्थ कोण?

"यांचे आजोबा," ती म्हणाली. "मंगलाष्टकं फार लांबली होती."

बाई हसल्या आणि पासपोर्ट ठेवून घेतला.