एका नोंदीचा प्रवास

एकच ग्रंथ शंभर ग्रंथालयांत असेल, तर त्याची सूचीनोंद शंभरदा का करावी? ग्रंथालयांनी आज अंगीकारलेल्या ‘क्लाउड’ पद्धतीचे मूळ या साध्या प्रश्नात आहे. आणि हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे ग्रंथपाल चार्ल्स जुएट यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत एक योजना मांडली. प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीचा स्वतंत्र ठसा करावा आणि तेच ठसे जुळवून निरनिराळ्या ग्रंथालयांच्या सूची छापाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. मृत्तिकामिश्रित ठसे वाकू लागले, वरिष्ठांशी मतभेद विकोपास गेले आणि १८५४ मध्ये जुएटना पद सोडावे लागले. कल्पना मात्र उरली. १९०१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील सूचीपत्रके इतर ग्रंथालयांना विकण्यास आरंभ केला. १९६७ मध्ये ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी फ्रेडरिक किल्गोर यांच्या नेतृत्वाखाली सामायिक केंद्र काढले आणि २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाचे ग्रंथालय दूरस्थ संगणकावर सूचीकार्य करू लागले. एकाने नोंद करावी, सर्वांनी वापरावी, हे जुएटांचे स्वप्न साकार झाले.

२००९ मध्ये याच संस्थेने, म्हणजे ओसीएलसीने, देवघेव आणि खरेदीचे व्यवहारही आपल्या संगणकांवर चालविण्याची योजना जाहीर केली. हे पाऊल वरकरणी लहान, वस्तुतः मोठे होते. पूर्वी सामायिक होती ती नोंद. आता ग्रंथालयाचे दप्तरच परस्थानी गेले. संशोधकांचे लक्षही त्यामुळे काटकसर आणि सोय यांवरून ताबा, सुरक्षितता आणि वाचकाची गुप्तता यांकडे वळले.

परंतु दप्तर घरी ठेवल्यानेच ते सुरक्षित राहते, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला. तिची सूची जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना पारखी झाली. जुनाट यंत्रणेमुळे हानी वाढली, हे तिच्याच अहवालाने मान्य केले.

तेव्हा खरा प्रश्न दप्तर कोठे आहे हा नसून, ते परत घेता येते की नाही, हा आहे. हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी १९६० नंतरच्या दशकात घडविलेल्या ‘मार्क’ या समान साच्यामुळे सूचीनोंदी एका यंत्रणेतून दुसरीत नेता येतात. देवघेवीच्या आणि खरेदीच्या नोंदींना तितका सर्वमान्य साचा अद्याप लाभलेला नाही. तो लाभेपर्यंत करारपत्रावर सही करणाऱ्या प्रत्येक ग्रंथपालाने प्रवेशाच्या अटींआधी निर्गमनाच्या अटी वाचाव्यात, हेच श्रेयस्कर.