गाळात गेलेलं बंदर

राजापूर म्हटलं की लोकांना गंगा आठवते. मला आठवतो अर्जुना नदीचा गाळ. एकेकाळी खाडीतून गलबतं थेट गावाशी लागत. मिरी नि कापड पाहून इंग्रजांनी १६४९ साली इथं वखार घातली. १६६० मध्ये हे व्यापारी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरसाठी तोफा डागायला गेले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरात येऊन व्याजासकट हिशेब चुकता केला, वखारवाले कैदेत! पण पेठ बसली ती गाळानं. खाडी भरली, गलबतं दुरावली. अहो, महाराजांशी तहाची बोलणी तरी करता येत; गाळाशी काय बोलणार? आता पावसाळ्यात अर्जुना नि कोदवली जवाहर चौकात शिरतात. गलबतं येत नाहीत. नदी मात्र स्वतःच दुकानात येते!