लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येईल, हे वचन २००४ पासूनचं आहे

आजचा एपिसोड जरा रागातून आलाय, ते आधीच सांगून टाकतो.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला घरच्यांच्या मागे लागून मी गेमिंग लॅपटॉप घेतला. "कोडिंगला लागतो" हे कारण. तुम्हीही हेच सांगितलं असणार. वॉरंटी संपली आणि थोड्याच महिन्यांत स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचायला लागले. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, ग्राफिक्स चिप गेलीये, पण ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे, त्यामुळे अख्खा बोर्ड बदलावा लागेल. आकडा ऐकला आणि लॅपटॉप गुपचूप बॅगेत टाकून परत आलो. त्यात थोडी भर घातली असती तर नवाच आला असता.

माझ्या रूममेटने त्याच सुमारास लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून डेस्कटॉप जोडला होता. तो आजही चालतो. कॅबिनेट तेच, पॉवर सप्लाय तोच, ग्राफिक्स कार्ड मात्र तिसरं. त्याला जे जमलं ते मला का नाही? याचं उत्तर शोधायला गेलो आणि वीस वर्षांचा इतिहासच हाती लागला.

डेस्कटॉपचं आधी पटकन सांगतो. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप जाहीर केलं. बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, मागचे पोर्ट कुठे, सगळं ठरलं. नंतर पीसीआय एक्सप्रेस आलं आणि कार्डाचा स्लॉटही पक्का झाला. कुठल्याही कंपनीचं कार्ड घ्या, बसतं. लॅपटॉपमध्ये मात्र प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा.

हे बदलायचा पहिला मोठा प्रयत्न एनव्हिडियाने २००४ मध्ये केला. त्याचं नाव एमएक्सएम. तळहाताएवढा छोटा बोर्ड, त्यावर ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी, एका बाजूला कनेक्टर. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, जुना बोर्ड काढायचा, नवा लावायचा. कागदावर एकदम झकास.

२००७ मध्ये एसुसने सी-९० नावाचा लॅपटॉप आणला. त्यात चक्क डेस्कटॉपचा प्रोसेसर बसायचा आणि ग्राफिक्स एमएक्सएमवर होतं. पण या सगळ्या प्रकाराचा खरा आधार होता तैवानची क्लेवो. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. क्लेवो रिकामा सांगाडा बनवायची: बॉडी, स्क्रीन, कीबोर्ड, मदरबोर्ड. छोटे विक्रेते तो घेऊन त्यात गिऱ्हाइकाला हवा तो प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स बसवायचे आणि आपल्या नावाने विकायचे. स्वतः जोडलेला गेमिंग लॅपटॉप म्हणतात तो जगात कुठे असेल तर इथेच होता. २०१५ च्या आसपास क्लेवोच्या एका मॉडेलमध्ये डेस्कटॉप प्रोसेसर आणि शेजारीशेजारी दोन ग्राफिक्स बोर्ड बसायचे. वजन पाच किलोच्या पुढे. मांडीवर घ्यायची वस्तू नव्हतीच ती.

मग गाडी अडली कुठे? मला वाटायचं, कंपन्यांची बदमाशी, दुसरं काय. ती होतीच थोडी. पण मुख्य भानगड उष्णतेची आहे, आणि इथे जरा थांबू या.

डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड स्वतःचा पंखा आणि हीटसिंक घेऊन येतं. एमएक्सएमचा बोर्ड उघडाच येतो. त्याला थंड ठेवणाऱ्या तांब्याच्या नळ्या लॅपटॉपच्या असतात, आणि त्या जुन्या चिपच्या मापाने वाकवलेल्या असतात. नवी चिप अर्ध्या मिलिमीटरने उंच असली, मेमरी थोडी सरकली, तरी हीटसिंक नीट टेकत नाही. म्हणजे कनेक्टर जुळतो, पण कार्ड तापून मरतं. वर लॅपटॉपच्या बायोसने नवं कार्ड ओळखायला हवं, ते वेगळंच. आणि दुकानात जाऊन घ्यावं तर हे बोर्ड सहसा मिळायचेच नाहीत. २०१६ ची नवी पिढी आली तेव्हा तिचे तगडे बोर्ड ठरलेल्या मापात मावेनात. प्रत्येकाने आपापल्या सोयीचा आकार काढला आणि स्टँडर्ड नावापुरतं उरलं.

दरम्यान बाजार बारीक लॅपटॉपच्या मागे लागला होता. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकचा धडाका लावला. २०१५ च्या पिढीपासून इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरला सॉकेटच राहिलं नाही, सगळे सोल्डर. मग २०१७ मध्ये एनव्हिडियाने मॅक्स-क्यू आणलं, म्हणजे पातळ लॅपटॉपमध्ये गेमिंग. आपण सगळ्यांनी ते आनंदाने घेतलं. मीसुद्धा.

आता २०१९. डेलच्या एलियनवेअरने एरिया-५१एम आणला. डेस्कटॉप प्रोसेसर, बदलता येणारं ग्राफिक्स, वापरायला दोन-दोन अडॅप्टर. अपग्रेड करता येतो, हीच मोठी जाहिरात. फक्त ग्राफिक्स बोर्डाचा आकार एमएक्सएम नव्हता, डेलचा स्वतःचा होता. पुढच्या वर्षी नवी पिढी आली ती 'आर-२' या नव्या मॉडेलमध्ये. २०२१ मध्ये अमेरिकेत एका ग्राहकाने डेलला कोर्टात खेचलं. तक्रार अशी की पुढच्या पिढीचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स जुन्या मशीनमध्ये बसतच नाहीत. यात गंमत बघा, इंटेलने २०२० मध्ये डेस्कटॉपचंही सॉकेट बदललंच होतं. पण माझा रूममेट नवा मदरबोर्ड आणून मोकळा होतो. लॅपटॉपमध्ये मदरबोर्ड म्हणजेच लॅपटॉप.

त्याच २०२१ मध्ये निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीचा पहिला लॅपटॉप बाजारात आला. सगळे भाग स्क्रूने उघडणारे, पण वेगळं ग्राफिक्स नाही. ते आलं २०२४ च्या सुरुवातीला, फ्रेमवर्क १६ मध्ये. इथे त्यांनी ती तांब्याच्या नळ्यांची गाठ सोडवली. ग्राफिक्सचा मॉड्यूल मागून बसतो आणि स्वतःचे पंखे, स्वतःचा हीटसिंक घेऊनच येतो, डेस्कटॉपच्या कार्डासारखा. त्याची मापंही त्यांनी सगळ्यांसाठी खुली केली. मॉड्यूल लावला की लॅपटॉप मागून थोडा लांब होतो, दिसायला जरा विचित्र. चालेल की!

पण तेव्हा मॉड्यूल एकच होता, एएमडीचा. दुसरा येईपर्यंत हेही एक वचनच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तो जाहीर झाला, एनव्हिडियाचा आरटीएक्स ५०७०, किंमत ६९९ डॉलर. जुन्या मशीनमध्येही बसतो. मेमरी आठच जीबी, पहिल्या मॉड्यूलएवढीच, त्यामुळे एवढे पैसे घालावेत का यावर माझं मन अजून होत नाही. शिवाय हे मॉड्यूल विकणारी कंपनी आज एकच आहे.

माझ्या त्या लॅपटॉपचं विचाराल, तर त्याची एसएसडी आता आईच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि रॅम धाकट्या भावाच्या लॅपटॉपमध्ये. बाकीचा सांगाडा माळ्यावर.