गीता विश्वासचा चेहरा

महाबली नायकाची मालिका ‘शक्तिमान’ 13 सप्टेंबर 1997 ला दूरदर्शनवर सुरू झाली आणि 27 मार्च 2005 ला बंद पडली. ‘शक्तिमान संपला’ असं मी म्हणत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या दत्त नगरात, तो नंतरही बरीच वर्षं चालू होता. पडद्यावर नव्हे, बिडीच्या सुपाभोवती.

आमच्या बोळात घरोघरी बिड्या वळल्या जायच्या. सकाळी कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, वळायची, आणि हजाराचा हिशेब पुरा करायचा. हात कामात, तोंड मोकळं. माझी आई, शेजारची अक्का, पलीकडची कानडी काकू अशा बायका उंबऱ्याला टेकून बसायच्या. आम्ही पोरी दोरा गुंडाळायला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी; त्यामुळे गोष्ट तीन भाषांतून गाळून यायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी जास्तीचं घेऊन यायची.

आता मालिकेतल्या अर्धवट गोष्टींबद्दल. त्यातल्या निम्म्या लेखकानं अर्धवट ठेवल्या होत्या आणि निम्म्या विजेनं. रविवारी दुपारी ऐन शक्तिमानच्या वेळेला लाईट गेली की खलनायक किल्विषनं पुढं काय केलं ते आमच्यासाठी कायमचं बुडालं. रेकॉर्डिंग कुणाकडं? ज्याच्या मामाकडं, दुसऱ्या पेठेत, लाईट होती तो सोमवारी शाळेत राजा असायचा. तो खरं सांगतोय की रचतोय हे तपासायला काही साधन नव्हतं. “काय बोलुलालास बे, असं झालंच नाही,” म्हणणाऱ्यानंही तो भाग पाहिलेला नसायचाच. लेखकानं सोडलेली फट कुठली आणि वीज मंडळानं पाडलेली कुठली, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोरांचे प्रश्न ताकदीचे असायचे: किल्विष अंधार आहे तर त्याला जन्म कुणी दिला, त्याचा साथीदार डॉक्टर जैकाल “पावर!” असं का ओरडतो, जैकाल आधी चांगला होता का. आम्हा पोरींचा प्रश्न एकच होता. गीता विश्वास. ‘आज की आवाज’मध्ये काम करणारी ती बातमीदार सुरुवातीला किटू गिडवानी होती. काही भागांनंतर तिच्या जागी वैष्णवी महंत आली. नाव तेच, पेपर तोच, गंगाधराच्या वेषातला शक्तिमानही तोच वेंधळा, आणि बाईचा चेहरा निराळा! कुणी काही बोलेना. नट बदलतात हे आम्हाला कुठं ठाऊक? आमच्यासाठी ते कथेतलंच गूढ होतं. पोरं म्हणाली, किल्विषनं चेहरा बदलला. कुणी म्हणालं, ही जुळी बहीण. अक्का सुपातून मान वर न करता म्हणाली, “अगं पिल्ला, मधी लग्न झालं असंल तिचं. सासरी जाऊन आली की बाईचा चेहरा बदलतोय.” बायका हसल्या, पण फार नाही. मग तिच्या नवऱ्याचं घर, तो दारू पितो का, ती परत नोकरीवर कशी आली, असं करत अक्कानं आठवडाभर गोष्ट चालवली. तिच्याइतकं गीताचं पूर्वायुष्य मालिकेच्या लेखकानंही रचलं नसेल.

दुसरं गूढ महागुरूंचं. शक्तिमानला शक्ती देणाऱ्या सूर्यांशी ऋषींमध्ये हा गोरा कुठून आला? अक्काचं उत्तर तयार होतं: ते सगळे मार्कंडेयाच्या घराण्यातले. पद्मशाली समाजाचा तो मूळपुरुष, यमाच्या हातून सुटलेला चिरंजीव. नारळी पौर्णिमेला सोलापुरात त्याचा रथ निघतो. पण मार्कंडेय गोरा कसा, यावर गाडी अडली. तेव्हा कानडी काकू म्हणाली की हा मिशनचा पाद्री असणार, साहेब निघून गेले तेव्हा मागं राहिलेला. सोलापुराला अमेरिकन मिशनऱ्यांची ओळख एकोणिसाव्या शतकापासूनची, तेव्हा तर्क काही हवेतला नव्हता. पुढं मोठेपणी वाचलं की ती भूमिका करणारे टॉम ऑल्टर खरोखरच अमेरिकन मिशनरी आईवडिलांच्या पोटी मसुरीत 1950 ला जन्मले होते. काकूला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही.

हे सारं आमच्याच बोळाचं वेड होतं असं नाही. अमेरिकेत 2002 मध्ये ‘फायरफ्लाय’ नावाची अंतराळातली मालिका फॉक्स वाहिनीनं मध्येच थांबवली. 14 भाग तयार झाले होते, दाखवले 11. तिच्यात शेफर्ड बुक नावाचा एक धर्मोपदेशक आहे. त्याला बंदुका आणि लष्करी कारभार नको इतका ठाऊक, आणि का ते कळायच्या आत मालिका गेली. चाहते आठ वर्षं तर्क लढवत बसले, आणि 2010 मध्ये बुकचं पूर्वायुष्य चित्रकथेच्या पुस्तकातून अधिकृतपणे सांगितलं गेलं. आपल्याकडं तर अपुऱ्या गोष्टीचं हे दुःख त्याहून जुनं आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘कर्मयोग’ कादंबरी अपुरीच राहिली आणि 1919 मध्ये हरिभाऊ गेले. तिच्या वाचकांनी माजघरात काय काय जोडून घेतलं असेल, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

शक्तिमान का बंद पडला? आमच्याकडं कारणं ढीगभर होती. मुलांनी त्याची नक्कल करून जीव धोक्यात घातला म्हणून सरकारनं बंद केला, हे सगळ्यांत लाडकं. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’मध्ये शक्तिमान स्वतःच ताकीद द्यायचा, त्यामुळं ते पटायचंही. खरं कारण मुकेश खन्ना यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलं: दूरदर्शनला वेळेचं भाडं भरावं लागे. आधी भागामागं 3 लाख 80 हजार, रविवार मिळाल्यावर 7 लाख 80 हजार, मग 10 लाख 80 हजार, आणि ते आणखी वाढायच्या बेतात होतं. सात चक्रं जागी झालेल्या माणसाला भाडं परवडलं नाही! आमच्या बोळातल्या एकाही पोरानं हा तर्क केला नव्हता, आणि याचं मला खरं आश्चर्य वाटतं. कारण लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात बंद पडली तेव्हा त्याच पोरांचे बाप घरी बसले होते. हिशेब जमला नाही की भोंगा वाजायचा थांबतो, हे आम्ही रोज जेवणाच्या ताटात बघत होतो. तरी शक्तिमानच्या बाबतीत आम्हाला राक्षसच हवा होता.

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली. विजेनं गिळलेले काही भाग मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले आणि मला ते फिके वाटले. फेब्रुवारी 2022 मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर तीन चित्रपटांची घोषणा केली. काढायचे तर काढोत. पण माझं म्हणणं सोलापूरकरांना आहे. गिरणीचे भोंगे, संप, हुतात्मे यांवर आपण पुस्तकं लिहिली, बिडीच्या सुपाभोवती काय रचलं गेलं ते मात्र कुणी लिहिलं नाही. त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात, खोकतात, पण बोलतात. तुमच्या घरात अशी एखादी अक्का असेल तर मोबाईल चालू करा आणि तिला एवढंच विचारा: गीताचं पुढं काय झालं?